मादाम ओदीलचं अंग

दिव्यांच्या तारा गुंडाळून झाल्या, तशी म्हाताऱ्या गॅस्तोंने वाईनची बाटली उघडली आणि पोरांना जवळ बसवलं. ही गोष्ट सोलेनबाईंची. त्यांच्याकडे तो दिवे लावायला होता. खोटं असेल तर जीभ झडो, म्हणाला.

गेल्या सालची दोन नोव्हेंबरची रात्र. पितरांचा दिवस. सकाळी जुन्या पोशाखांचं प्रदर्शन उघडायचं होतं, सोलेनने स्वतः मांडलेलं पहिलंच. आणि मधोमध मिरवायचा तो लग्नाचा पोशाख इतका अरुंद, की कुठल्याच पुतळ्यावर बसेना.

ती तळघरात गेली. ते मूळचं जुनं शिवणघर; तिथे गिऱ्हाइकागणिक एक पुतळा असे. बाईचं अंग भरलं की त्यावर कापसाचा थर चढवायचा; मानेवर तिचं नाव. सोलेनने ‘ओदील’ वर आणला आणि कापसाचा थर काढायला कात्री उचलली.

शिवणकाम बघणारी बेर्त आडवी आली. “बाई, माणूस गेलं तरी त्याचा पुतळा सोलत नाही आम्ही. त्यातून हा पोशाख कुणाचा, ठाऊक आहे? ओदीलबाई आजारी पडल्या, अंग सुजलं, तेव्हा नवऱ्याने त्यांना टाकून जिच्याशी लग्न लावलं, तिचा!”

“मग बरंच की! आता तरी बारीक होऊ दे तिला.”

“जिभेला काही हाड?”

“उद्या माझी अब्रू गेली तर तू देणारेस भरून? चालती हो!”

बेर्त छातीवर क्रूसाची खूण करत निघून गेली.

“आणि तुम्ही, काका?” एका पोरीने विचारलं.

“शिडीवर. मलाही हाकललंन्. गप ऐक.”

सोलेनने मुठी भरभरून कापूस उपसला. पोशाख चपखल बसला. ती दिवे मालवायला वळली.

मागे टर्रकन कापड फाटलं.

पोशाख तर धड होता. पुन्हा... टर्र. जवळ.

“बेर्त! पुरे हा तमाशा!”

दिवे आपसूक गेले.

मग कमरेभोवती काहीतरी आलं. गार. अरुंद. आवळलं... सैल झालं... पुन्हा आवळलं. माप पटत नसल्यासारखं. आणखी. आणखी.

कानाशी कुणीतरी करकरा दात खात होतं.

“सोडा...” श्वास पुरेना. “चुकले... बाई, चुकले मी...”

अंधारात चाचपडत तिने पुतळ्यावरचा पोशाख उतरवला. कापूस परत भरू लागली. एक मूठ, एक श्वास. एक मूठ...

सकाळी दारं उघडली तेव्हा मधोमध ओदीलचा पुतळा उभा होता. भरलेला. पोशाखाविना. मालक तणतणले, “कुठाय तो पोशाख?” सोलेन एवढंच म्हणाली, “ह्यांच्या अंगावर नाही चढणार.” काम गेलं तिचं.

देवाच्या दयेने आता बरी आहे. बेर्तच सूप घेऊन जाते तिच्याकडे; तिलाच सोलेनने हे सारं सांगितलं.

“मग खरं कशावरून?”

गॅस्तोंने पेला खाली ठेवला.

“बेर्तने पाहिलंय. कमरेभोवती बोटभर लाल पट्टा आहे. मलमाने जात नाही. त्यात सारख्या अंतरावर बारीक रेघा... आणि आकडे. उलटे उमटलेले. आरशात सरळ वाचता येतात.”