ह्युबर्टने उकळलेलं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगायची मला हौस नाही. कट्टा गावच्या शाळेत मी उभा जन्म गणित शिकवलं. मुलं असलं काही बोलायला लागली की मीच त्यांचे कान पिळायचे.

पण हे माझ्या घरात घडलंय. पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात.

आणि रात्री नाही... लख्ख दिवसाउजेडी.

माझा मोठा भाऊ गुरुदास, आमचा दादा, परराष्ट्र खात्यात होता. तेव्हा त्याची नेमणूक आफ्रिकेतल्या एका किनाऱ्यावरच्या देशात होती. देशाचं नाव सांगत नाही. स्वयंपाकाला त्याने ह्युबर्टला सोबत नेलं होतं. ह्युबर्ट म्हणजे शेजारच्या सोकोरोबायचा एकुलता एक मुलगा. दादाच्याच वर्गातला. लहानपणी दोघांनी मिळून लोकांच्या कैऱ्या पाडलेल्या.

तिकडे कॉलऱ्याची साथ आली. आपली जुनी माणसं पटकी म्हणतात ना, तीच. देशोदेशी फिरत होती ती.

वकिलातीतली नोकरी म्हणजे नुसत्या पार्ट्या, असं आपल्याला वाटतं. दादा दिवसभर गावभर भारतीयांना शोधत फिरायचा. दुकानदार, नर्सबाया, बंदरात अडकलेले खलाशी. कुणाला औषध, कुणाला विमानात जागा, तर कुणाचं प्रेत जाळायची परवानगी. शेवटी दिल्लीहून हुकूम आला, सगळे निघा. दादाने सगळ्यांना विमानात चढवलं आणि वर कळवलं, एकही भारतीय मागे राहिलेला नाही.

तो घरी आला तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतलं. सोकोरोबायही लगबगीने आली.

"माजो झील खंय?"

"मुंबैक थांबलो, बाय. तपासणी आसा. येतलो आठ दिसांनी," दादा म्हणाला.

तिच्याकडे न बघता म्हणाला. मला ते खटकलं. पण प्रवासाने दमला असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मडक्यातलं गार पाणी मी त्याच्या पेल्यात ओतलं. त्याने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"शुभदा, पाणी कित्याक तापवलंस?"

मेच्या उकाड्यात पाणी तापवायला मला काय वेड लागलंय? मी पेल्याला हात लावला...

चटका बसला.

त्याच मडक्यातलं माझं पाणी गार होतं.

संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फक्त त्याचाच पेला. मी मडकं बदललं, पेला बदलला, शेजारच्या विहिरीचं पाणी आणून बघितलं. गणितवाली ना मी, उत्तर आल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

उत्तर येईना.

"तिकडे पाणी ह्युबर्ट उकळायचा," दादा एकदा आपणहून म्हणाला. "त्याच्या देखत मला दुसऱ्या पाण्याचा थेंब घेऊ द्यायचा नाही."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. आणि मी अक्कलशून्य बाई, त्याला म्हटलं, "मगे तेका बोलाव लवकर."

त्याच दुपारी आवाज सुरू झाला.

टक... टक... टक...

मागच्या कोठीच्या खोलीतून. कोणीतरी आतून दार ठोठावत होतं.

मी कडी काढली. आत नारळ आणि भाताच्या कणग्या. माणूस नव्हता. उंदीर असेल म्हणत मागे वळले, तर दादा कानांवर हात दाबून भिंतीला टेकलेला.

"कडी घालू नको," तो म्हणाला. "शुभदा, त्या दाराक कडी घालू नको."

रविवारी सकाळी शाळेत त्याचा सत्कार होता. सगळा थाट मीच मांडला होता. भावाचा केवढा अभिमान तेव्हा मला. सरपंच गणपतरावांनी शाल घातली, नारळ दिला. म्हणाले, "आपल्या गुरुदासान एकव माणूस मागे ठेवूक नाय."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेली सोकोरोबायही टाळ्या वाजवत होती.

दादा बोलायला उठला. घसा कोरडा पडला म्हणून त्याने टेबलावरचा पेला उचलला. तो मी स्वतः शाळेच्या माठातून भरला होता...

पेल्यातून वाफ येत होती.

त्याने तो खाली ठेवला.

"एक माणूस मागे राहिला," तो म्हणाला.

त्याने अंगावरची शाल काढून टेबलावर ठेवली.

"निघायच्या आदल्या रात्री ह्युबर्टला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. विमानतळावर कळलं असतं तर माझ्यासोबतच्या सगळ्यांनाच अडकवलं असतं. मलाही. मी त्याला मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. डॉक्टरला फोन केला, लागला नाही. सकाळी तो आतून दार ठोठावत होता. 'गुरू, पाणी दी रे' म्हणत होता. मी गाडीत जाऊन बसलो."

आता ह्युबर्टची आई टाहो फोडणार, असं मला वाटलं.

सोकोरोबाय उठली. शांत होती.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "तू येवच्या आदल्या दिसापासून तो येता. तरी तुका इचारलंय, तू खरा सांगतस काय बघूक. भर दुपारी. उंबऱ्यार बसता. म्हणता, आये, गुरूक काय बोला नको... तो भियालो."

दादाने मंचावरून उतरून तिचे पाय धरले.

"मार माका, बाय. शिव्या दी."

"दिवच्यो आसत रे," ती म्हणाली. "पोटात आग लागली आसा माज्या. पण झिलान नको म्हणून सांगल्यान. त्येचो शबुद कसो मोडू?"

महिन्याने दिल्लीहून खबर आली, ह्युबर्ट त्या खोलीतच सापडला. सोकोरोबायने चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिसा, म्हणजे प्रार्थना, कधीच घातली होती.

दादाने नोकरी सोडली. रोज दुपारी तो सोकोरोबायकडे जाऊन बसायला लागला. तिने त्याच्यापुढे कधी वाकडा शब्द काढला नाही. जेवायचं विचारायची. उलट त्याचंच अंग दिवसेंदिवस खंगत गेलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तो वाचला असता, असं मला वाटतं.

एकदा मी त्याला बोलवायला गेले. उंबऱ्यावर टेकणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"थंय बसू नको गो. थंय तो आसा."

उंबरा रिकामा होता.

दादा त्या जागेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. ज्याने त्याला माफ केलं, त्याच्याकडे एकदाही वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

शेवटपर्यंत नाही.