फुली मारलेला नग

भुंगेरा ओळखला, माल मोकळा झाला, सगळे आपापल्या घरी गेले. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं धरा. मीही लिहिलेलं नाही.

परदेशी लाकडातून आलेले किडे ओळखणं हे माझं काम. कंत्राटी आहे, किडे कायम, मी हंगामी. त्या दुपारी हर्सूलच्या वखारीत मालक काकासाहेबांनी चुन्याची डबी उघडून पुढं केली. आत काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा, मिशा अंगापेक्षा लांब. तो राखणदार मल्हाररावांना सापडला होता. मल्हारराव खुलताबादकडचे. जन्म मेंढरांमागं गेला, गुडघे थकले तसे ओंडके राखायला आले. ओंडके पळत नाहीत, एवढंच त्यांना या नोकरीत आवडायचं.

भुंगेऱ्याची जात ठरवायची तर तो कुठल्या लाकडातून निघाला ते लागतं. याची अळी लाकूड पोखरत वाढते आणि शेवटी भुंगेरा करंगळीएवढं गोल भोक पाडून बाहेर येतो. मी एकेक ओंडका फिरवून पाहिला. भोक कुठंच नव्हतं.

मग स्टेथोस्कोप काढला. अळी आत असली की करकर ऐकू येते. टिचकी मारली की थांबते, जरा वेळानं पुन्हा सुरू. करकर आली की खडूची फुली. फुलीचा नग ताडपत्रीखाली, वर विषारी धुरी. फुली एकदा पडली की वरच्या लेखी आदेशाशिवाय निघत नाही.

सगळे ओंडके गप्प होते. यंत्र बिघडलं असेल तर लाकूड नसलेल्या कशावर तरी लावून बघायचं, हा आमचा रिवाज. शेजारी मल्हारराव बसले होते.

करकर आली.

टिचकी मारली. थांबली.

पुन्हा सुरू झाली. छातीचे ठोके मात्र सापडले नाहीत.

हाताला सवय. त्यानं सदऱ्यावर फुली मारून टाकली.

मल्हाररावांनी फुलीकडं पाहिलं आणि सावकाश गुंड्या काढल्या. "मला वाटलं गळू फुटलं," ते म्हणाले. "पर वलं कायच नाय. नुसता भुसा पडतो."

बरगडीखाली भोक होतं. गोल.

मी डॉक्टरला बोलवा म्हटलं. काकासाहेबांना माल अडकायची काळजी. "नियम बाहेरच्या मालाला हाय ना सायेब? ह्यो तर खुलताबादचा." मुद्दा बिनतोड होता.

धुरीवाले आले. ते काही विचारत नाहीत, फुली बघतात.

मी मल्हाररावांना घरी जा म्हटलं. ते उठले, ओंडक्यांच्या थप्पीवर चढले आणि आडवे झाले. "हितं पडलं की आतलं गप ऱ्हातं. लई दिसांनी झोप येतीय."

मी ओढून पाहिलं. ओंडक्याएवढे जड होते.

थप्पीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या तीन बाजूंवर वाळूच्या पिशव्या पडल्या. चौथी दाबली की धुरी सोडतात. आमच्या कार्यालयातून उत्तर यायला आठवडा लागतो. तरी तिथंच उभ्यानं मोबाइलवर अर्ज लिहिला:

मा. महोदय, सदर फुली मारलेला नग 'लाकूड' या व्याख्येत बसत नाही. त्याचं नाव मल्हारराव आहे. तरी त्यास धुरीतून वगळण्याचा लेखी आदेश चौथी बाजू दाबली जाण्यापूर्वी मिळावा, ही नम्र विनंती.