रावला भरवणारा हात

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा.

तळमजल्यावरची, मागच्या बाजूची. एकच खिडकी. माणूस आडवा झोपेल एवढी लांब काचेची टाकी. टाकीत खारं पाणी, काळे दगड आणि दगडांत खोवलेला एक जाड प्लास्टिकचा पाइप. पंपाची घरघर चालू आहे.

आता त्या पाइपच्या तोंडाकडे बघा. नीट बघा...

तिथून कुणीतरी तुमच्याकडे बघतंय.

तो राव. राव म्हणजे मोरे ईल, आपल्या सापासारख्या लांब वाम माशाचा समुद्रातला चुलतभाऊ. मनगटाएवढा जाड, अंगावर पिवळे ठिपके. सारखं तोंड उघडतो, मिटतो. उघडतो, मिटतो.

ही गोष्ट खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती माझ्याकडे गणित शिकायला यायची. तिने ती मला दोनदा सांगितली, मधे दहा वर्षं गेली होती, आणि दोन्ही वेळा सांगण्यात तसूभर फरक नव्हता.

आणि हो, भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच ऐकून ठेवा. हे सगळं संध्याकाळी पाच वाजता घडलं. चांगल्या लख्ख उजेडात.

तिला घरी खारू म्हणत. दहा वर्षांची, खारीसारखी चपळ आणि खारीसारखीच भित्री. राव तिच्या मामाचा. मामा फ्रीज दुरुस्त करायचा, एकटाच राहायचा, आणि बहिणीच्या घराखालीच राहायचा. खारूचं घर दुसऱ्या मजल्यावर. शाळेतून आली की दप्तर वर आणि ही खाली.

"मामा, हा माझ्यावर चिडलाय."

"चिडलेला नाही गं, श्वास घेतोय. तू पळत आलीस की तुझं तोंड असंच दिसतं."

रावला जेवण आठवड्यातून दोनदा. बुधवारी आणि रविवारी, पाचच्या ठोक्याला. मामाने मासळीचे तुकडे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलेले असत, एका खणात दोन तुकडे. ते खाऱ्या पाण्यात मऊ करायचे. मग झाकणावरच्या दोन विटा काढायच्या. विटा एवढ्यासाठी, की राव झाकण ढकलून बाहेर पडण्यात पटाईत होता. मग लांब चिमट्यात तुकडा धरून अगदी त्याच्या तोंडाशी न्यायचा.

"वरून टाकला तर?" खारूने एकदा विचारलं.

"तर उपाशी राहील. त्याला दिसतं कमी, वासावर सगळा कारभार. तुकडा मागे दगडात पडला तर हा इकडे शोधत बसतो, तो तिकडे कुजतो. आणि पाणी नासलं की राव गेला. तोंडाशी धरायचं, त्याने घट्ट पकडला की मगच सोडायचं. जेवू घालायचं तर समोर उभं राहून घालावं. फेकून काय, कुणीही जातं."

तुकडा पुढे करताना मामा जिभेने हलकेच आवाज करायचा. चक्... चक्... मग चिमटा पुसून खिळ्याला. विटा परत झाकणावर, आडव्या. टक्. टक्.

एका सोमवारी मामा कामावरच कोसळला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात डोळे उघडे ठेवून पडून राहिला. आई दिवसभर तिथे.

बुधवारी निघताना आई म्हणाली, "खारू, मामाच्या माशाचं तू बघशील ना? तुलाच माहितीये सगळं. दादाला मी सांगते, भाची बघतेय म्हणून. तेवढाच जीव शांत होईल त्याचा."

खारूने मान हलवली.

पाच वाजता ती खाली गेली. एकटी. विटा काढल्या. चिमट्यात तुकडा धरला आणि हात पाण्यावर नेला.

राव पाइपमधून बाहेर आला. एवढा बाहेर आलेला तिने त्याला कधी पाहिला नव्हता. त्याचे दात मागे वळलेले होते...

तिने दोन्ही तुकडे वरूनच सोडून दिले, झाकण लावलं, विटा कशातरी उभ्या ठेवल्या आणि पळाली.

रात्री आईने विचारलं, "खाल्लं का गं त्याने?"

"खाल्लं."

"शहाणी माझी. मी सांगितलं दादाला."

रविवारीही तेच. टाकणं, पळणं, "खाल्लं." मागच्या दगडांपाशी चार तुकडे पडले होते. पाणी किंचित दुधाळ दिसायला लागलं होतं. तिने तिकडे बघायचं टाळलं.

दुसरा बुधवार.

खारू पाच वाजून दहा मिनिटांनी कुलूप उघडायला गेली. किल्ली एकच, त्यांच्याच स्वयंपाकघरात टांगलेली. दार उघडलं.

आणि ती उंबऱ्यातच थांबली.

चिमटा खिळ्याला होता. त्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

टप्... टप्...

झाकणावरच्या विटा आडव्या होत्या.

तिने फ्रीज उघडला. ट्रेमधला आणखी एक खण रिकामा. टाकीपाशी आली. पाणी आरशासारखं. मागचे कुजके तुकडे नाहीत, एकही नाही. आणि राव पाइपमध्ये सुस्त पडलेला, गळ्याखाली चांगला फुगवटा. जेवून उठल्यासारखा.

त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आई, खाली कोण गेलं होतं?" रात्री तिने विचारलं.

"कोण जाणार? किल्ली इथे लटकतेय."

"रावला कुणीतरी जेवू घातलंय."

"तूच घातलं असशील दुपारी, आणि विसरलीस. खारू, मला आज डोकं नाही गं. दादाची नाडी संध्याकाळी एकदम मंद झाली होती. थकून गेल्यासारखा. पडल्या पडल्या कसला थकतो माणूस?"

खारू दप्तर उघडून बसली. खरं सांगायचं तर सुरुवात स्वतःच्या खोट्यापासून करावी लागली असती.

रविवारी ती साडेचारलाच जाऊन बसली. दार आतून लावलं. स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून. चिमटा खिळ्याला, समोर, कोरडा.

पावणेपाच. पंपाची घरघर.

पाच.

राव सावकाश बाहेर आला. खारूकडे नाही. तो टाकीच्या डाव्या कोपऱ्याकडे वळला, जिथे मामा उभा राहायचा. मान वर करून थांबला.

पंप चालू होता. पण घरघर ऐकू येईनाशी झाली...

चक्... चक्...

खारूने खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

डाव्या कोपऱ्यात पाण्यावर एक गोल उमटला. मग त्याच्याभोवती दुसरा. रावने तोंड उघडलं, पुढे झेपावला, आणि त्याचा गळा हलला.

एकदा... दोनदा...

टक्. टक्.

पुन्हा घरघर ऐकू आली तेव्हा विटा जागेवर होत्या. चिमटा खिळ्याला होता आणि ठिबकत होता.

ती ओरडली नाही. मला म्हणाली, "सर, ओरडायला भीती वाटावी लागते. मला लाज वाटत होती."

दुसऱ्या दिवशी तिने आईपाशी हट्ट धरला आणि दवाखान्यात गेली. मामा अर्धा झाला होता. नर्सबाई चादर नीट करत होत्या.

"बुधवारी असंच, काल परत तसंच," नर्सबाई आईला म्हणाल्या. "साडेपाचला बघितलं तर घामाघूम. धावून आल्यासारखे. आणि ताई, यांचा हात पाण्यात कोण भिजवतं? तेवढं सांगा त्यांना, गार पाणी नको."

"आम्ही कुणीच नाही," आई म्हणाली.

खारूने मामाचा उजवा हात हातात घेतला. तो लुळा पडलेलाच हात. बोटांची टोकं सुरकुतलेली, कपडे धुऊन उठल्यावर होतात तशी. नखांच्या कडेला पांढरी रेघ.

तिने आई बघत नाही असं पाहून त्यातलं एक बोट जिभेला लावलं.

खारट...

मामा तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. शाळेतून यायला उशीर झाला की बघायचा, तसा.

खारूला सगळं एका क्षणात कळलं. काम आपलं होतं. आपण केलं नाही, म्हणून हा येतोय. आणि प्रत्येक खेपेला थोडा थोडा संपतोय. आणखी दोन-चार खेपा झाल्या तर...

बुधवार आला. खारू साडेचारला खाली होती. या वेळी तिने तुकडे खाऱ्या पाण्यात मऊ केले. विटा काढल्या. चिमटा खिळ्यावरून काढून दोन्ही हातांनी धरला. आणि डाव्या कोपऱ्यात उभी राहिली.

पाच वाजले. गार वाऱ्याची एक झुळूक मानेला लागली. खिडकी तर बंद होती...

"मामा," ती म्हणाली, "मी खोटं बोलले होते. मी नुसतं टाकून पळत होते. आजपासून मी घालते, नीट. तू दमतोस. तू आता येऊ नकोस."

काही नाही. नुसती घरघर.

तिने तुकडा पाण्यात नेला. राव आला. तोंड उघडलं, मागे वळलेले दात दिसले, पण तिचा हात तिथेच राहिला. रावने तुकडा पकडला. त्याचा हिसका तिला खांद्यापर्यंत जाणवला. मगच तिने सोडला. मग दुसरा.

मानेवरचा गारवा गेला होता. खोलीत आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

ती उड्या मारत जिना चढली. आता मामा बरा होणार होता.

आठ वाजता आई आली. चप्पल न काढताच खुर्चीवर बसली.

"गेला गं दादा."

खारूने खाली बसून आईच्या पायातली चप्पल काढली.

"त्रास नाही झाला," आई सांगत होती. "पाचच्या सुमाराला एकदम लांब श्वास सोडला त्याने. ओझं उतरवल्यासारखा. मला वाटलं, उतार पडला. मग झोपला. सहाला नर्सबाई आल्या, तर..."

बाळांनो, इथे तुम्हाला मी जे सांगेन तेच मी तिलाही सांगितलं होतं. झटका आलेलं माणूस झटक्याने जातं, दहा वर्षांच्या पोरीच्या शब्दाने जात नाही. तो रावच्या काळजीने अडकला होता, तू त्याला मोकळं केलंस, असंही म्हणून पाहिलं. तिने ऐकून घेतलं. पण मग विचारलं, "सर, आणि तेवढ्या काळजीवरच तो तगून असेल तर?"

 तेव्हापासून संध्याकाळी पाच वाजले की मी हातातलं काम थांबवतो. का, ते विचारू नका.

पुढचा रविवार उजाडला. सोमवारी माशांचा दुकानदार येऊन रावला घेऊन जाणार होता, आईने ठरवलं होतं. म्हणजे हे शेवटचं जेवण.

खारू पावणेपाचला खाली गेली. तुकडे मऊ करून वाटी टाकीशेजारी ठेवली. विटा काढल्या, झाकण अर्धं सरकवलं.

पाच वाजले. राव बाहेर आला. भुकेला होता, काचेला नाक लावून फिरत होता. उघड, मीट. उघड, मीट.

खारूने चिमटा उचलला नाही. ती स्टुलावर बसून राहिली.

सव्वापाच झाले. राव दगडांवर अंग घासायला लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात मांडीखाली दाबलेले होते.

साडेपाच.

मग ती उठली. वाटी डाव्या कोपऱ्याच्या बाजूला सरकवली, हाताला लागेल अशी. स्टूल ओढून पार दारापर्यंत मागे नेलं. टाकीपुढे एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी केली...

आणि भिंतीकडे तोंड करून, कुणाला संकोच वाटू नये म्हणून, डोळे मिटून बसली.