गोड्या पाण्याची ओंजळ

शशिधर गुरव लंडनजवळच्या स्लाऊहून निघाला तो सकाळी नऊच्या ट्रेननं. दोन हजार सहा सालचा नोव्हेंबर. पाठीवरच्या पिशवीत बायकोच्या अस्थींचा प्लास्टिकचा डबा. काम साधं होतं. सुलक्षणाला नदीत सोडायचं, नदी तिला समुद्राला नेऊन देईल, पुढचं समुद्र बघेल. जाताना तिनं एवढंच मागितलं होतं, की मला इथल्या मातीत अडकवू नका.

मुलगा परीक्षित डॉक्टर. तो म्हणाला होता, बाबा, अशा कामाला बोट मिळते, मी बुक करतो, पंधरा दिवस थांबा. पंधरा दिवस ती काय कपाटात बसणार? शशिधर चौथी शिकलेला, जन्म गोदामात पेट्या उचलण्यात गेलेला. त्यानं घरात कुणाला न सांगता ग्रेव्हझेंडचं तिकीट काढलं. थेम्स तिथून समुद्राकडं जाते, एवढं त्याला पुरेसं होतं.

गावात उतरला तर हे धुकं. नदीकाठच्या बाकावर एक म्हातारा सरदारजी बसला होता. त्यानं कुणी विचारलं नसताना गावाची सगळी कुंडली मांडली. म्हणे, या चिखलात थरावर थर आहेत. तळाला रोमन लोकांची मडकी, त्यावर कालवांचे शिंपले, त्यावर मातीच्या चिलमींचे तुकडे, आणि सगळ्यात वर आपली माणसं. बोटींत कोळसा ओढणारे खलाशी, साहेबांची पोरं सांभाळायला आलेल्या आया. आजारी पडलं की बोट त्यांना इथं उतरवायची आणि निघून जायची. मेले ते कुठं गेले, कुणी लिहून ठेवलं नाही. शशिधर म्हणाला, मला वेळ नाही, आणि पाण्याकडच्या पायऱ्या उतरला.

इथं त्याची चूक झाली. तो कऱ्हाडचा. जन्मभर त्यानं नदी म्हणून कृष्णा ओळखलेली, आणि कृष्णा एकाच दिशेला वाहते. पाणी लांब गेलेलं, मधे नुसता चिखल. त्याला वाटलं, उथळ आहे, बरंच झालं. बूट-मोजे पायरीवर काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालू लागला. चिखलाला गंजक्या लोखंडाचा वास येत होता. मागं पायऱ्या कधी दिसेनाशा झाल्या ते त्याला कळलं नाही. पाण्यात उभं राहून त्यानं डबा उपडा केला, तिचं नाव घेतलं, हात जोडले.

राख पुढं गेली नाही. गोल फिरली आणि परत त्याच्याच नडग्यांना चिकटली. त्यानं हातानं लोटली. परत आली.

“जा की गं,” तो म्हणाला. “मी येतो मागनं.”

तेवढ्यात पाणी मांडीला लागलं. त्यानं पाय उचलून पाहिला, तर पाय खाली घट्ट. ओढला, तर आणखी आत. एकदा ओरडून पाहिलं. धुक्यानं आवाज गिळला.

मग मागून, अगदी कानाशी, कुणीतरी बोललं.

“घाटावरचे काय तुम्ही?”

मराठी. तीही कोकणातली, हेल काढून. मान वळवली तर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नाही.

“कऱ्हाडचा…”

“तरीच. अहो, भरती लागलीय. नदी उलटी चढतेय, तुमच्या बाई समुद्राकडं जातील कशा? पाय ओढू नका. मागं टेका, खुर्चीत बसल्यासारखे. मी आहे… आता टाच हलवा… हळू…”

पाठीला दोन पंजे लागले. गार, पण भक्कम. एक पाय सुटला, मग दुसरा. आवाज पुढं आणि शशिधर गुडघ्यांवर रांगत मागं, असा तो पायऱ्यांपर्यंत आला.

“आणि ती?” धाप लागलेली असतानाच त्यानं विचारलं. स्वतःचा जीव वाचला हे अजून त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

“त्यांना मी पोचवतो.”

भरतीचं पाणी पायरीला लागलं होतं, त्याच्याबरोबर राखही आली होती. सगळं पाणी आत येत असताना तो करडा पट्टा तेवढा वळला आणि बाहेर निघाला. सावकाश, कुणी म्हातारीला हाताला धरून न्यावं तसा. धुक्यात शिरेपर्यंत शशिधर बघत राहिला. जन्मात त्यानं कुणाचे आभार मानले नव्हते, बायकोचेसुद्धा नाहीत. आता रडू आवरेना.

“तुम्हाला काय देऊ?”

“मी विष्णू. हर्णैचा.” आवाज खालच्या पायरीवरून आला. “आमच्या नावानं कुणी ओंजळ सोडली नाही. नदीचं नको, खारं आहे ते… गोडं असलं तर…”

पिशवीत प्यायच्या पाण्याची बाटली होती. शशिधरनं ओंजळ भरली, हर्णैच्या विष्णूला म्हणून हात पुढं केला. सोडायच्या आधीच पाणी संपलं. तळहाताला मिशीचे राठ केस टोचले.

अंगावर सरसरून काटा आला. पण त्यानं हात मागं घेतला नाही. ज्यानं सुलक्षणाला पोचवलं त्याच्यापुढं कसला हात मागं घ्यायचा?

“पी बाबा,” तो म्हणाला. “आणखी आहे.”

दुसऱ्या खेपेला मिशी नव्हती. ओठ बारीक होते, आणि एक गार नथ तळव्याला घासून गेली.

मग धुक्यात चिखल वाजू लागला. पचक, पचक. एका जागी नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळा पायऱ्यांच्या रोखानं. शशिधरनं बाटलीकडं पाहिलं. मग एक पायरी खाली सरकून बसला आणि ओंजळ भरली.