पुढं आलेलं शून्य

टेमघरच्या यंत्रमाग कारखान्यात कापड मोजायचं मीटर बिघडलं की कल्पेश मिस्त्रीला बोलावत. या वेळचं मीटर बंदही होतं आणि चालतही होतं. कापड मोजत नव्हतं. पण लूमवर धागा तुटला की पहिला आकडा उठून शेवटी जाऊन बसायचा. ५३०४१ होतं, त्याचं कल्पेशच्या डोळ्यांदेखत ३०४१५ झालं.

"रांग लावायला शिकलंय," कल्पेश म्हणाला. "तुमच्यापेक्षा बरं."

लूम चालवणारा सुभाष हसला नाही. "मिस्त्री, आता शून्य पुढं येनार हाय. मला बरं वाटत न्हाय."

"पुढच्या शून्याला कोण विचारतं? गळून जातं ते."

धागा तुटला. सुभाषनं रोजच्या सवयीनं चालत्या लूममध्येच गाठ मारायला हात घातला. आडवा धागा नेणारा धोटा उडाला. भेंडी मोडल्यासारखा आवाज आला आणि पांढऱ्या कापडात लाल पट्टा विणला जाऊ लागला. डिझाइन वाईट नव्हतं. सुभाषचं एक बोट गेलं होतं. लूमखाली झाडू मारूनही ते मिळालं नाही.

मीटरवर ४१५३ उरलं होतं. पाचवी खिडकी काळी.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे दहा बोटं. कल्पेशनं नवीन मीटर बसवलं, मोजणीचा दांडा काढून फेकला आणि हातानं आकडे लावले: १४२८५. शून्यच नाही, तर गळणार काय?

"मग कापड मोजणार कोण?" कारखान्याचे मालक केसरीनाथ शेठ ओरडले.

"देव मोजेल, शेठ."

आठवडाभर आकडे गोल फिरत राहिले. बोटं सगळ्यांची जागेवर.

मग एका संध्याकाळी कल्पेश बंद लूमच्या पोटात उजवा हात घालून नट आवळत होता. शिफ्ट बदलली. सुभाषच्या जागी आजच आलेल्या मनोजला या मीटरला हात लावायचा नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. तो गुटखा चघळत आला आणि ड्युटीवर चढताना प्रत्येक कारागीर करतो तेच त्यानं केलं. मीटरची कळ दाबली.

"झीरो केलाय, कल्पेशभाऊ."

"किती झीरो?"

"पाचही. अजून किती असतात?"

कल्पेशनं हात ओढला.

बंद लूमवर एक धागा तुटला.

लूम सुरू झाला.

हात लगेच बाहेर आला. फार हलका होता. मनोज किंचाळत होता. कल्पेशला वाटलं, याला काय झालं?

त्यानं मीटरकडे पाहिलं. पाचही खिडक्या भरल्या होत्या. प्रत्येकीत एक नख. पुढं अंगठा, शेवटी करंगळी, तिच्यावर सकाळचा ग्रीसचा डाग.

आणखी एक धागा तुटला.

अंगठा उठला आणि शेवटी जाऊन बसला.