खडूची फुली

आपल्या गावच्या लीलाधरची बोट लागून चार दिवस झाले, कस्टमवाले ट्रंक सोडत नाहीत म्हणून तो मुंबईतच अडकलाय, असं मघाशी तुम्ही पोरं हसत हसत सांगत होता. हसा बापहो. पण कंदिलात तेल आहे तोवर माझ्या सुकदेवची गोष्ट ऐका. सोबती होता माझा. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती.

सन एकोणीसशे एकोणीस. भोगीची रात्र, सोमवार. सुकदेवचा चुलतभाऊ मगन पहिल्या लढाईत बसऱ्याला खेचरं हाकायला गेला होता. लढाई संपली, बोट मुंबईला लागली आणि मगनचं कार्ड आलं. साथीच्या तापामुळे आम्हाला गोदीतच ठेवलंय. पेट्या उघडून बघतात, तपासून झाली की वर खडूनं फुली मारतात. फुली पडली की मी सुटलो, माझ्या मायला सांगा.

महिना गेला. त्याची आई भिकुबाई रोज तिन्हीसांजेला तांब्या भरून दाराशी ठेवायची. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच आत घ्यायचं. बाहेरचं काही त्याच्यासोबत घरात येऊ नये म्हणून. तुमच्या आयाही करतात की हे.

भोगीच्या दुपारी काजगाव स्टेशनातून निरोप आला, मगनची पेटी आलीय. सुकदेवने गाडी जुंपली. पेटी मिळाली, झाकणावर ठसठशीत फुली. पेटी आली म्हणजे माणूसही येणारच, म्हणून हा शहाणा रात्रीच्या पॅसेंजरपर्यंत थांबून राहिला. साडेनऊला पॅसेंजर आली. कुणी उतरलं नाही. मग तो निघाला.

तीन कोसांची वाट, चांदणं होतं. निम्म्या वाटेवर मागून हाक आली.

"सुकदेवभाऊ..."

मगनच! खाकी कोट, पार हडकलेला. सुकदेवला रडूच कोसळलं.

"अरे, बस ना गाडीमा!"

"नको. मी अजून पास नही व्हयनू."

दमलेला माणूस, थट्टा करतोय, असं सुकदेवला वाटलं. मगन पेटीवर हात ठेवून गाडीमागं चालू लागला. फिनाईलचा वास येत होता. सुकदेव आपला बडबडतोय, आई कशी वाट बघते, कपाशी कशी झाली. मागून एकदाच उत्तर आलं.

"बाकीना बठ्ठा पास व्हयनात. मीच ऱ्हायनू."

गिरणा लागली. गुडघाभर पाणी. बैलांच्या पायांचा आवाज. चाकांचा आवाज. आणि मागं...

मागं काहीच नाही.

सुकदेवने मान वळवली. मगन चालत होता. पेटीवर हात. पाणी हलत नव्हतं.

हे घरी न्यायचं नाही, काकूच्या दारात तर नाहीच, एवढंच सुकदेवला कळत होतं. त्याने कासरा ओढला. पण बैलांना घराची वाट पाठ होती.

भिकुबाई बाहेरच होती.

"उना व माय! मना मगन उना!"

ती धावली. काकू, लांब राहा, असं सुकदेवला ओरडायचं होतं. तोंड उघडलं... शब्द फुटेना. पण दोन हातांवर आल्यावर तिला रीत आठवली. ती थबकली.

"तठेच थांब रे बेटा. तुकडा-पानी लई येस."

ती आत वळली. मगन उंबऱ्यासमोर उभा. सुकदेवला मान वळवायचा धीर होईना.

"माय... गोदीमा थांबाडं, आठे बी थांबाडस का माले?"

आतून ती हसली. "घडीभर रे!"

मग... काही नाही. बैलांचा श्वाससुद्धा नाही.

ती भाकरी घेऊन दारात आली तेव्हा समोर कुणी नव्हतं. उजाडेपर्यंत ती तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी कागद आला. मगन गोदीच्या दवाखान्यात तापाने गेला होता. त्या रात्रीच्या सतरा दिवस आधी.

एका तुकड्यापायी पोराला दाराबाहेर ठेवलं, असं म्हणत भिकुबाई मरेपर्यंत रडली. सुकदेव तिला समजवायचा, काकू, तू केलंस ते बरंच केलंस. पण सांगताना तो दाराकडे बघायचा नाही. कारण त्या पहाटे पेटी उतरवली, तेव्हा झाकणावरची फुली गेलेली होती. हात फिरवला तर खडूची भुकटीसुद्धा नाही. मग थंडी वाजते म्हणून तो काकूच्या घरात शिरला, दार लोटलं...

फुली दारावर होती. आतल्या बाजूला.