ही चाचणी नाही

"आठशे पत्रं, आणि त्यातली सातशे गाद्यांच्या जाहिरातींची!" जिना उतरता उतरता ती स्वतःशीच करवादली.

"मग... गाद्या हव्यात, की नकोत?"

ती गर्रकन वळली. पायरीवर बसून एक उंच माणूस निवांत संत्रं सोलत होता. तळमजल्यावरचा टपालमास्तर! साऱ्या इमारतीची ईमेल त्याच्या सर्व्हरवरून जायची, म्हणून सगळ्यांनी त्याला हे नाव दिलं होतं.

ती प्रश्नताई. मुलांच्या विज्ञान मासिकात ती मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि नेमके ते प्रश्नच गाद्यांखाली गाडले जात होते.

दुसऱ्याच दिवशी तो तिच्या टेबलाशी हजर. खास तिच्या पत्रांसाठी त्याने सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी सूचनांच्या चार ओळी, लिहिली होती. "ज्या पत्रात सलग तीन प्रश्नचिन्हं, ते मुलाचंच. ते सगळ्यांत वर येईल."

"आणि गाद्या?"

"वेगळ्या फोल्डरमध्ये. मी कुणाचंच पत्र फेकत नाही... न जाणो, एखादं खरं असायचं."

काय माणूस आहे हा! ती बघतच राहिली. पुढचे तीन महिने तो रोज काहीतरी सुधारायला यायचा, स्क्रिप्टची एकेक ओळ वाचायला शिकवायचा, आणि तीही मुद्दाम दोनदा चुकायची. "हल्ली जेवताना भिंतीकडे बघून हसतेस," आई म्हणालीच. आपण प्रेमात पडलोय, हे तिला आईच्याआधीच कळलं होतं.

मग एका मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. कँटीनमध्ये कळलं, टपालमास्तरची बदली झालीय, शुक्रवार शेवटचा.

आपल्याला एका शब्दाने सांगितलं नाही! तिच्या जिवाला फार लागलं ते. शुक्रवारी तो स्क्रिप्ट तिच्या हवाली करायला आला, तेव्हा ती मान वर न करता ओळी वाचत गेली, आणि शेवटच्या ओळीशी थबकली.

"हे काय? तुमच्याकडून आलेलं सगळं... 'चाचणी' फोल्डरमध्ये?"

"ते सुरुवातीला... तपासायला मीच पत्रं पाठवायचो ना. तुम्हाला त्रास नको म्हणून ती लपवून—" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे देवा! ती ओळ काढायची राहिली!"

तिने फोल्डर उघडलं. चाचणी एक, चाचणी दोन... थेट एकवीसपर्यंत. बाविसाव्या पत्राचा विषय होता, 'ही चाचणी नाही'.

'बदली आलीय. तुम्ही थांबा म्हणालात तर नाकारेन, शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे. तुम्ही मला फार आवडता. तसं काही नसेल तर उत्तर देऊ नका, मी समजून जाईन.'

तारीख सोमवारची. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"म्हणून मी... समजून गेलो," तो पुटपुटला.

"डोंबल समजलात!" तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "साऱ्या इमारतीची पत्रं पोचवता, आणि स्वतःचं एक पोचवता येईना? दोन मजले चढून तोंडाने विचारायचं होतं!"

"धीर झाला नाही..."

स्क्रिप्टमधली ती शेवटची ओळ तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली. मग टेबलावरचा त्याचा फोन त्याच्याकडे सरकवला.

"साहेबांना फोन लाव आधी. थांब म्हणतेय मी."

घाईघाईत त्याला नंबर काही सापडेना. शेवटी तोही तिनेच लावून दिला.